मेंढरं कोण सांभाळतं? प्रश्न साधा, पण उत्तर कुणाला विचारता त्यावर

दिवाळी सरली, की माण, खटाव, फलटण, पुरंदर, पारनेर या तालुक्यांतल्या रस्त्यांच्या कडेनं मेंढरांची खांडं पश्चिमेकडं सरकायला लागतात. गाडीवाले हॉर्न वाजवून वैतागतात, मेंढरं आपल्या चालीनं चालतात. थोड्या वेळानं दुसऱ्या वाटेनं घोडी येते. तिच्या पाठीवर भांडी, अंथरूण, जाळी, पिठाचं गाठोडं, दोन-तीन नुकती जन्मलेली कोकरं, आणि कधी त्यांच्याच शेजारी बसवलेलं लहान पोर. घोडीचा दोर बाईच्या हातात असतो.

आपल्या भागात हे दृश्य कुणाला नवं नाही. पण यात कोण काय काम करतं असं विचारलं, तर दहातले नऊ जण म्हणतील, 'धनगर मेंढरं राखतो.' उत्तर चुकीचं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं शोधण्याचं काम मानवशास्त्राचे अभ्यासक करतात. माणसं गाव सोडून का हिंडतात, बाई आणि पुरुष यांच्यात काम कसं वाटलं जातं, आणि जनावराशी माणसाचं नातं कसं तयार होतं, हे तीन प्रश्न ते एकत्र विचारतात. धनगराच्या वाड्यावर हे तिन्ही प्रश्न एकाच चुलीभोवती बसलेले असतात. (इथं वाडा म्हणजे दगडी घर नव्हे, रानातला मुक्काम.)

२०२६ साली हा विषय जास्त महत्त्वाचा ठरतो. संयुक्त राष्ट्रांनी हे वर्ष चराऊ कुरणं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे, आणि हेच वर्ष महिला शेतकऱ्यांचं म्हणूनही. मेंढरांबरोबर चालणारी बाई दोन्हीत बसते. सरकारी कागदात मात्र ती शोधावी लागते.

गणनेतला नवा प्रश्न

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे ७ कोटी ४३ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. त्यातल्या सुमारे २७ लाख महाराष्ट्रातल्या. त्यानंतरची एकविसावी गणना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात दोन गोष्टी नव्यानं आल्या. एक म्हणजे हिंडत्या पशुपालकांच्या जनावरांची वेगळी नोंद. दुसरी म्हणजे घरातली जनावरं मुख्यतः कोण सांभाळतं, बाई की पुरुष, हा प्रश्न.

प्रश्न आला हे चांगलंच झालं. पण प्रश्न विचारला म्हणजे उत्तर बरोबर आलं असं होत नाही. प्रगणक वाड्यावर येतो तेव्हा बोलायला पुढं कोण येतं? घरचा कारभारी. बाई पाण्याला गेलेली असते, नाहीतर चुलीपुढं असते. कारभारी सांगतो, 'मेंढरं आम्हीच राखतो.' तो खोटं बोलत नाही. राखणं म्हणजे त्याच्या लेखी दिवसभर खांडामागं हिंडणं, आणि ते काम तोच करतो.

पण राखणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं. हा फरक दारात उभं राहून कळत नाही, त्यासाठी वाड्यावर एक दिवस काढावा लागतो. मानवशास्त्राची पद्धत नेमकी हीच. आकडे घेऊन निघून जायचं नाही, राहायचं, बरोबर चालायचं, आणि 'तुम्ही काय करता' असं विचारण्याऐवजी 'काल पहाटेपासून रात्रीपर्यंत काय काय केलं' असं विचारायचं.

आधी, हिंडायचंच कशाला?

आपल्या महाराष्ट्रात या शास्त्राची वाट इरावती कर्वे यांनी रुळवली. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी नातेसंबंध, जाती आणि कोयना धरणामुळं उठलेली माणसं यांचा अभ्यास केला. त्यांच्याबरोबर काम केलेले कैलाश मल्होत्रा पुढं धनगरांच्या अभ्यासाकडं वळले. पर्यावरण अभ्यासक माधव गाडगीळ यांच्या साथीनं त्यांनी सह्याद्रीतल्या गवळी धनगरांवर लिहिलेला निबंध १९८२ साली प्रसिद्ध झाला.

या अभ्यासांतून एक गोष्ट पुढं आली. बाहेरून आपण 'धनगर' असा एकच शब्द वापरतो, पण आत अनेक पोटजाती आहेत आणि त्यांची सोयरीक रूढीनं आपापल्यातच होत आली. गवळी धनगर म्हशी पाळतो, म्हणून तो घाटमाथ्यावरच्या पावसाळी जंगलाच्या कडेला. हटकर धनगर मेंढ्या पाळतो, म्हणून तो कोरड्या पठारावर. खुटेकर लोकरीचं विणकाम करतो. म्हणजे कोणतं जनावर दावणीला आहे, त्यावरून माणूस कुठं राहणार, किती चालणार आणि लेक कुठं देणार, हे ठरत आलं.

मेंढपाळ हिंडतो तो हौसेनं नव्हे. पर्जन्यछायेतल्या आपल्या तालुक्यांत वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस. पावसाळ्यात माळावर गवत असतं, दिवाळीनंतर ते संपतं. तेव्हा पश्चिमेकडं मावळात, कोकणात भात निघालेला असतो आणि रानं मोकळी असतात. पारनेर तालुक्यातल्या धवळपुरीकडचे वाडे घाट उतरून थेट कोकणात जातात. मग तिथंच का राहत नाहीत? कारण पावसाळा. चिखलात आणि सततच्या ओलीत मेंढीचे खूर सडतात. दख्खनी मेंढी कोरड्या मातीची आहे. म्हणून मिरगाच्या आधी परत फिरायचं. जायचं पोटासाठी आणि यायचं खुरांसाठी, असं हे वर्षाचं गणित आहे.

वाड्याचा एक दिवस

तांबडं फुटायच्या आत बाई उठते. चूल पेटवते, भाकरी थापते, शेळ्यांची धार काढते. मेंढ्यांच्या खांडात चार-दोन शेळ्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. त्यांचं दूध चहाला होतं आणि आई मेलेल्या किंवा आई जवळ न करणाऱ्या कोकरालाही होतं. कोणतं कोकरू कोणत्या शेळीला लावायचं, हे बहुतेक बाईच ठरवते.

दिवस वर आला की पुरुष भाकरी बांधून खांड घेऊन निघतो. लहान कोकरं बरोबर जात नाहीत, ती जाळीत मागं राहतात. म्हणजे दिवसभर मोठी मेंढरं पुरुषाकडं आणि तान्ही कोकरं बाईकडं. खांडाची आजची किंमत पुरुषाबरोबर रानात हिंडते, आणि पुढच्या वर्षाची खांड बाईजवळ जाळीत असते.

तळ हलवायचा दिवस असेल तर काम दुप्पट. सगळा संसार बांधायचा, घोडीवर लादायचा. लादणं हे कसब आहे. दोन्हीकडचं वजन सारखं नसेल तर घोडीची पाठ सोलते, आणि घोडी अडली की अख्खा वाडा अडला. पुरुष चरणीच्या वाटेनं येणार, बाया सरळ वाटेनं पुढच्या तळावर आधी पोचणार. पाणी कुठं, सरपण कुठं, गावातलं दुकान किती लांब, हे बघायचं. तीन दगडांची चूल मांडायची, जाळी ठोकायची, पोरांना खाऊ घालायचं.

संध्याकाळी खांड परतते तेव्हा वाड्यावर जो कालवा उठतो, तो एकदा ऐकावा. इकडून आया ओरडतात, तिकडून कोकरं. पोरंबाया कोकरं सोडतात. बहुतेक कोकरं आपली आई बरोबर हुडकतात, काही चुकतात, काहींना आई लाथ मारते. मग बाई त्या मेंढीला मांडीत दाबून धरते आणि कोकरू पाजते. कुणाचा पान्हा आटला, कोण लंगडतंय, कुणी चारा सोडला, हे याच वेळी कळतं. आजारी जनावर पहिल्यांदा लक्षात येतं ते इथं. रात्री कुत्री आणि पुरुष राखणीला, पण लांडग्याची चाहूल लागली की झोपलेलं कुणीच राहत नाही.

आता 'मेंढरं मुख्यतः कोण सांभाळतं' या प्रश्नाचं उत्तर द्या बरं. एका खुणेत ते मावणार नाही. पुण्यात पशुवैद्यक स्त्रियांनी उभ्या केलेल्या 'अंथ्रा' या संस्थेनं बायकांचं हे जनावरांबद्दलचं ज्ञान, झाडपाल्याचे उपाय आणि दख्खनी मेंढी यांवर बरीच वर्षं काम केलं. जनावरांचा डॉक्टर गावात आला तर माहिती पुरुषाला देऊन जातो आणि औषध पाजायचं काम मात्र बाईवर येतं, ही गोष्ट आपल्या गोठ्यांनाही लागू आहे.

नातं राबण्यातून तयार होतं

हाच प्रश्न हिमालयाच्या पायथ्याशी विचारला गेला. राधिका गोविंदराजन या मानवशास्त्रज्ञ अमेरिकेत सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवतात. उत्तराखंडातल्या कुमाऊंच्या डोंगरी गावांत राहून केलेल्या अभ्यासावर त्यांनी 'ॲनिमल इंटिमसीज' हे पुस्तक २०१८ साली लिहिलं. तिथलं स्थलांतर आपल्या उलट आहे. पुरुष नोकरीसाठी खाली मैदानात जातात आणि बाया गाई-शेळ्या घेऊन डोंगरात मागं राहतात.

तिथल्या बायका देवाला बळी जाणाऱ्या बकऱ्याविषयी पोटच्या पोरासारखं बोलतात. शहरी माणसाला हे ढोंग वाटेल. लेकरू म्हणायचं आणि बळी द्यायचा? गोविंदराजन यांनी या बायकांचं बोलणं खोटं मानलं नाही. त्यांनी दाखवलं की हे नातं नुसत्या मायेच्या शब्दांनी होत नाही. ते रोजच्या राबण्यातून होतं. उतारावर जीव धोक्यात घालून कापलेला चारा, रात्री उठून बघितलेलं आजारी पिल्लू, शेणात भरलेले हात, यातून नातं घडतं. म्हणूनच बळीच्या दिवशी दुःख खरं असतं आणि बळी देणंही खरं असतं.

हे आपल्याकडं समजावून सांगायची गरज नाही. व्यापारी वाड्यावर येतो, रुमालाखाली नाहीतर तोंडी भाव ठरतो, कोकरं टेम्पोत चढतात. त्यातलं एखादं शेळीला लावून वाढवलेलं असतं. पैसे घरी येतात, त्यातूनच पोराची फी आणि लेकीचं लग्न होतं. बाई व्यवहार मोडत नाही. पण कोणतं विकायचं आणि कोणतं ठेवायचं यात तिचा शब्द असतो, कारण कुणाच्या पोटी चांगली पैदास होते हे तिनं जाळीत बसून बघितलेलं असतं. भाव करताना हा शब्द दिसत नाही. तो आदल्या रात्री चुलीपाशी झालेला असतो.

बाणाई अर्ध्या गडावर का?

धनगरांच्या देवांचा अभ्यास करायला जर्मनीतून गुंथर सोन्थायमर आले. हायडेलबर्ग विद्यापीठातला हा माणूस, जन्म १९३४ चा. टेपरेकॉर्डर घेऊन त्यांनी वाड्यावाड्यांवर धनगरी ओव्या टिपल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबावरचं त्यांचं पुस्तक आधी १९७६ साली जर्मनमध्ये आलं, मग १९८९ साली ॲन फेल्डहाउस यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर. १९९२ साली ते वारले.

जेजुरीला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की वर गडावर खंडोबाबरोबर म्हाळसा आहे आणि बाणाईचं देऊळ अर्ध्या वाटेवर. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. दोघींचं पटत नाही म्हणून देवानं अशी सोय केली, असं सांगतात. सोन्थायमर यांनी यात दोन जीवनपद्धती बघितल्या. एक घर करून राहणाऱ्यांची आणि दुसरी रानात हिंडणाऱ्यांची. भांडतात, पण देव एकच. शेतकरी आणि मेंढपाळ यांचंही असंच आहे. रानात मेंढरं घुसली म्हणून भांडण होतं, आणि लेंडीखतासाठी त्याच माणसाला बोलावून रानात मेंढरं बसवली जातात.

या कथेत आणखी एक गोष्ट आहे. बाणाईसाठी देव तिच्या घरी चाकरीला राहतो, मेंढरं राखतो. देवालाही नातं जोडायला आधी राबावं लागलं.

हात कमी पडतात म्हणून खांड लहान होते

मेंढपाळी कमी का होतेय, असं विचारलं की चाऱ्याचं कारण सांगितलं जातं. ते खरंच आहे. कॅनॉल आले, माळ उसाखाली गेले. गायरानावर प्लॉटिंग झालं, कंपन्या आल्या, वनखात्याच्या लागवडीला तारा पडल्या. दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीला गिऱ्हाईक राहिलं नाही, आणि बऱ्याच ठिकाणी कातरणीची मजुरी लोकरीच्या पैशातून निघत नाही. वनहक्क कायदा २००६ मध्ये हिंडत्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क लिहिलेला आहे, पण तो मिळवायला एका जागी थांबून कागद करावे लागतात. हिंडणाऱ्याला नेमकं तेच जमत नाही.

पण दुसरं कारण फारसं बोललं जात नाही. पोरं शाळेत घालायची तर गावात कुणीतरी राहायला हवं. आजी असेल तर ठीक. आजी थकली की आई मागं राहते. बाई गावात राहिली की वाड्यावर कोकरांकडं बघायला माणूस नाही, भाकरीला नाही, घोडी लादायला नाही. मग खांड विकून निम्मी करावी लागते. चारा असतानाही मेंढरं कमी होतात ती अशी. घर मोडत नाही, पण त्याचे दोन तुकडे होतात, एक शाळेजवळ आणि एक रानात.

त्यात लग्नाचा प्रश्न. मेंढरामागं हिंडणाऱ्या पोराला आता धनगरच लेक द्यायला तयार होत नाहीत, ही तक्रार वाड्यावाड्यांवर ऐकायला मिळते. लेकीच्या आईला विचारा. पावसात पालाखाली बाळंतपण, दर आठ दिवसांनी नवं पाणी, दिवसा वाड्यावर बाया-पोरं एकटी, रात्री मेंढरं चोरणाऱ्यांची भीती. तिनं हे सगळं भोगलेलं असतं, म्हणून लेकीला नको म्हणते. तिचं हे 'नको' म्हणजेच मेंढपाळीच्या भवितव्याचा निकाल आहे, आणि तो कोणत्याच बैठकीत विचारला जात नाही.

योजना आहेत. राज्याची राजे यशवंतराव होळकर महामेष योजना २०१७ पासून आहे. तिच्यात २० मेंढ्या आणि १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर देण्याची तरतूद आहे. लांडगा किंवा बिबट्यानं मेंढरू मारलं तर वनविभाग भरपाई देतो, पंचनामा झाला तर. रेशन आता दुसऱ्या गावातही मिळतं. पण या सगळ्याला नाव लागतं, आणि खांड बहुतेक पुरुषाच्या नावावर. नवरा वारला किंवा अंथरुणाला खिळला, की जिनं कोकरं वाढवली तिलाच 'मेंढरं तुमचीच कशावरून' असं सिद्ध करावं लागतं. आंदण म्हणून माहेराहून आलेली मेंढी आणि तिची पिलावळ खांडात कोणती, हे तिला तोंडपाठ असतं, पण तोंडपाठ हिशेबाला शिक्का नसतो.

मग करायचं काय?

मोठे उपाय सरकारनं करावेत. पण गावपातळीवर काही गोष्टी विनाखर्चाच्या आहेत. वाडा शिवारात उतरला की पोलीस पाटलानं फक्त कारभाऱ्याचा नंबर न घेता एका बाईचाही घ्यावा, कारण दिवसा वाड्यावर तीच असते. आशाताईंनी तळ हलायच्या आत एक फेरी मारावी, गरोदर बाई आणि लसीची पोरं लगेच कळतील. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या माणसानं औषधाची मात्रा बाईलाही सांगावी. आपल्या रानात मेंढरं बसवणाऱ्या शेतकऱ्यानं तळासाठी पाण्याजवळची जागा द्यावी. त्या एका गोष्टीनं कुणाच्या तरी रोजच्या दहा खेपा वाचतात. आणि घरातल्या कर्त्यानं चार मेंढ्या तरी बाईच्या नावावर लिहाव्यात.

राहिला प्रगणकाचा प्रश्न, मेंढरं मुख्यतः कोण सांभाळतं हा. तो जरूर विचारावा, पण दोघांनाही विचारावा, आणि वेळ बघून विचारावा. संध्याकाळी कोकरं पाजून झाली की जावं. त्याआधी तिला वेळ नसतो.